ओढणीच्या दोन टोकांचे वास

मला माझ्या नाकाचा गर्व आहे आणि तो मी कधी झाकून ठेवला नाही. दारव्ह्याला एका जनरल स्टोअरमध्ये मी सेंटचं काउंटर सांभाळते. बोरी अरबहून सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळच्या एसटीनं परतायचं आणि मधल्या वेळात लोकांच्या मनगटांवर फवारे मारायचे, असं माझं गेल्या सहा वर्षांचं आयुष्य. गिऱ्हाईकानं बाटलीकडे बोट दाखवायच्या आधीच मला कळतं, की याला गोड वास चालेल की कडक. नवरदेवाला कोणता द्यायचा, मास्तरला कोणता, पहिल्यांदा नोकरीला लागलेल्या पोरीला कोणता, हे मला कोणी शिकवलं नाही. आपल्याला येतं ते येतं. त्यात कायले लाजायचं?

आमच्याकडे खरा उठाव असतो तो नकलेच्या बाटल्यांना. नक्कल म्हणजे चोरी नव्हे हो! परदेशातल्या मोठ्या कंपनीचा एखादा वास गाजला, की आपल्याकडचा कोणीतरी कारागीर त्याच्या जवळपास जाणारा वास बसवतो, साध्या बाटलीत भरतो आणि आपल्या नावानं विकतो. मी ती बाटली गिऱ्हाईकासमोर धरून छातीठोकपणे म्हणायची, "सेम टू सेम. डोये मिटून सांगा, फरक सापडला तं वापस आना." सहा वर्षांत एकही बाटली वापस आली नाही. आता खरं सांगायला हरकत नाही. त्यातला एकही ओरिजनल मी तोवर हुंगलेला नव्हता! नक्कल कशाची आहे हेच ठाऊक नसताना मी ती हुबेहूब असल्याची ग्वाही देत होते. हे लिहिताना मला हसू येतंय, पण तेव्हा कोणी बोट दाखवलं असतं तर मी त्याच्याशी भर दुकानात भांडले असते.

मग दिवाळीच्या सुट्टीत वहिनी आल्या. वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. दोघंही पुण्याला कंप्युटरच्या कंपनीत आहेत. वहिनींचं माहेर नागपूरचं, त्यामुळे एरवी त्या पुण्यासारखं बोलतात आणि उत्साह चढला की नागपूरसारखं. लग्नानंतर पहिल्यांदाच आठ दिवस राहायला आल्या होत्या. बुद्धविहारामागच्या आमच्या घरात त्यांनी बॅग उघडली, साड्या बाजूला केल्या आणि आतून मऊ कापडात गुंडाळलेली एक जड, चौकोनी बाटली काढून खिडकीत ठेवली. मी नाव वाचलं आणि किंचाळलेच.

"वहिनी! हे ते हाये! माह्या काउंटरवर सगळ्यात जास्त खपते ना, त्याचं ओरिजनल!"

"तुमच्या दादांनी दिलंय, लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला," वहिनी म्हणाल्या. "मी एका दिवशी एकच फवारा मारते. संपायला नको म्हणून."

मी पिशवीतून माझी बाटली काढून तिच्या शेजारी ठेवली. वहिनींनी तिचं झाकण काढून हुंगलं, मान हलवली आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "ताई, छान आहे. पण हे ते नाही."

बाप्पा! माझी कानशिलं तापली. सहा वर्षांची माझी जबान आणि ही बाई एका श्वासात ती खोटी पाडते? मी म्हणलं, "अशानं नाई होत. स्पर्धा लावू. पुरा दिवस. ज्याचा वास टिकन तो जिंकला."

वहिनींचे डोळे चमकले. "लावू ना! आपण काय कोणाला भिऊन राह्यलो का?"

तिथून आमची दोघींची खरी मैत्री सुरू झाली.

आता मोबाईलवरचे लोक अशी परीक्षा दोन मनगटांवर घेतात. ते लोक थंडगार खोलीत बसलेले असतात. माझे हात दिवसभर पाण्यात असतात, भांडी, कपडे, पोछा. हातावरचा वास पहिल्या बादलीत वाहून जातो. म्हणून मी माझी पांढरी सुती ओढणी काढली. कापूस वास धरून ठेवतो, एवढं आमच्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. एका टोकाला वहिनींच्या बाटलीचे दोन फवारे, दुसऱ्या टोकाला माझ्या बाटलीचे दोन फवारे. माझ्या टोकाला ओळख म्हणून एक गाठ. ओढणी दिवसभर माझ्या खांद्यावर राहणार, दर तासाला मी, वहिनी आणि दादा असे तिघं हुंगणार आणि काय वाटलं ते सांगणार. सकाळी सहा वाजता, चहाच्याही आधी, आम्ही फवारे मारले.

आईला यातलं काहीही नको होतं. तिचा सगळा जीव अंगणापलीकडच्या टिनाच्या शेडमध्ये होता. तिथं तिची ठिपक्याची बकरी उभी होती, पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं, आज व्याते की उद्या, अशी.

या बकरीचं सांगायला हवं. आईकडे एकेकाळी नऊ बकऱ्या होत्या, सगळ्या एकाच वंशाच्या. आई लग्न होऊन आली तेव्हा तिच्या मायनं सोबत एक पाठ दिली होती. मादी पिल्लाला आमच्याकडे पाठ म्हणतात. त्या पाठीच्या लेकी, तिच्या लेकींच्या लेकी, असा तो पसारा. मी आणि दादा त्यांच्याच दुधावर वाढलो. मागे गावात बकऱ्यांवर रोग आला आणि पंधरा दिवसांत आठ गेल्या. ही एकटी उरली. त्यानंतर हिनं दोनदा गाभ टाकला. आता हिचं वय झालं होतं आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं, की हे शेवटचं धरा. आई रोज तिच्या पाठीवरून हात फिरवून एकच म्हणायची, "औंदा पाठ दे माय. बोकड झाला तं कोनाच्या कामाचा? पाठ दे, म्हंजे माह्या मायचं काही तरी राहीन." आईला दुसरं काही मागताना मी कधी ऐकलेलं नाही.

इकडे आमची स्पर्धा रंगात आली होती. सुरुवातीला तर मी जिंकलेच असं मला वाटलं! दोन्ही टोकांना संत्र्याचा वास. वहिनींच्या टोकाला संत्र्याची साल नखानं सोलल्यावर जो उडतो तसा, किंचित कडवट. माझ्या टोकाला संत्र्याच्या गोळीचा, जास्त गोड आणि वरून स्पिरिटचा चटका. पण जोर माझ्याच टोकाला होता, ओसरीतून थेट रस्त्यापर्यंत जात होता. मी नाचले. दादाला सर्दी झाली होती, त्यानं दोन्ही टोकं नाकाला लावली आणि म्हणाला, "दोन्ही सेम." आम्ही दोघींनी त्याला परीक्षकपदावरून काढून टाकलं.

आठ वाजता माझ्या टोकाचं संत्रं गेलं आणि मागे पावडरचा डबा उरला. वहिनींच्या टोकातून आता गुलाब यायला लागला होता, ओला, पहाटे तोडलेला. मी म्हणलं, "ऊन चढू द्या, मंग पाहू." नऊ वाजता माझ्या टोकाला नाक अगदी दाबून धरावं लागलं. वहिनींच्या टोकातून गुलाबाखालून चंदन वर येत होतं, शिवाय काहीतरी उबदार, सागाची पेटी उघडल्यावर येतं तसं. माझा जीव जळत होता आणि त्याच वेळी आनंदानं उड्याही मारत होता. एकाच बाटलीत तीन वास, एकामागून एक, आपापल्या वेळेवर! सहा वर्षं मी या धंद्यात आहे आणि वास असा चालत जातो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी ओढणीचं टोक नाकाला लावून तशीच अंगणात फिरत होते.

"तुमचं टोक गेलं का हो ताई?" वहिनींनी हसत विचारलं.

"गेलं नाई, थकलं," मी म्हणलं. "दहा मिनिटं बसलं की येईन वापस."

अकराच्या सुमाराला आई बोराच्या झाडाचा पाला आणायला नाल्याकडे गेली. जाताना बजावून गेली, "ध्यान ठेवजा वो दोघी. काही झालं तं आवाज द्या." ती गेली आणि पाऊण तासाच्या आत बकरी ओरडली. धावत गेलो, तर एक पिल्लू जमिनीवर आलेलंच! काळा बोकड, ओला, शिंकत होता. वहिनी टाळ्या वाजवत होत्या, मी दादाला हाका मारत होते, तेवढ्यात दुसरं आलं. बकरीसारखंच पांढऱ्यावर काळे ठिपके. मी उलटून पाहिलं आणि ओरडले, "पाठ! वहिनी, पाठ झाली!"

पण पाठीच्या तोंडावर पातळ पडदा चिकटला होता आणि ती श्वासाला तडफडत होती. मी काय केलं असेल? खांद्यावरची ओढणी ओढली आणि तिचं तोंड पुसलं. श्वास सुरू झाला. मग हुरूप आला मला. मी तिची मान, पोट, पाय, सगळं खसाखसा पुसून कोरडं केलं. बोकडानं का मागे राहावं, म्हणून ओढणीच्या दुसऱ्या, गाठीच्या टोकानं त्यालाही पुसलं. दोन्ही पिल्लं चकचकीत करून बकरीसमोर ठेवली आणि कमरेवर हात देऊन उभी राहिले, मोठ्या सुईणीसारखी.

आई आली. पाल्याचा भारा तिनं दारातच टाकला. पाठीकडे बघितलं आणि आई खाली बसली, तोंडाला पदर लावला. "आली माही माय," एवढंच म्हणाली.

तोवर बकरीनं बोकडाला हुंगलं, चाटायला लागली. मग पाठीकडे वळली. हुंगलं. मान झटकली. पुन्हा हुंगलं आणि फुर्र करून मागे सरली. पाठ धडपडत तिच्या कासेशी गेली, तर बकरीनं डोकं खाली घालून तिला अशी ढुशी दिली, की ती भिंतीवर जाऊन आपटली.

"काहून वं?" आई बकरीला विचारत होती. "काहून? तुहीच हाये ना ते!" तिनं पाठीला उचललं, छातीशी धरलं आणि थबकली. नाक तिच्या मानेत घातलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"इच्या आंगाले हा कायचा वास येते?"

मी पुढे होऊन पाठीला हुंगलं. गुलाब, चंदन, सागाची पेटी. बोकडाला हुंगलं. काही नाही, नुसता ओल्या पिल्लाचा वास. वहिनी माझ्या मागे उभ्या होत्या, त्यांनाही कळलं. आमच्या स्पर्धेचा निकाल लागला होता. माझ्या टोकाचा वास सहा तासांत मेला होता, म्हणून बोकड वाचला. वहिनींच्या टोकाचा जिवंत होता, म्हणून पाठीला माय ओळखत नव्हती.

आईला सांगितलं. लपवणार कुठे? आई ओरडली नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. ती म्हणाली, "पिल्लाले पुसाचं नसते. तोंड मोकळं कराचं आन् मायपुढं ठेवाचं. तिले चाटू द्याचं. चाटूनच तं ओयखते ते. येवढं बी तुले मालूम नाई? बकऱ्याच्या घरात जन्मली तू!"

मी घाबरून आणखी एक मूर्खपणा केला. आई चीक काढायला वाटी आणायला आत गेली, तेवढ्यात मी पाठीला उचललं आणि कोमट पाण्यानं, साबण लावून धुतलं. वास काढायचा होता मला! आई वाटी घेऊन आली तेव्हा पाठ माझ्या हातात फेसानं माखलेली. आता अंगावर जन्माचा जो थोडा वास उरला होता, तोही गेला. चंदन गेलं नाही, आणि साबण वरून चढला. बकरीनं या वेळी तर हुंगायचीही वाट पाहिली नाही, लांबूनच शिंगं रोखली.

"ठेव तिले खाली," आई म्हणाली. "आता हात नोको लावू. तुहे हातच नोको लावू तिले."

माझ्या आईनं मला आयुष्यात पुष्कळदा झापलंय, पण असं कधी नाही. मी शेडबाहेर येऊन बसले आणि ढसाढसा रडले. वहिनी शेजारी बसून माझ्या पाठीवर हात फिरवत राहिल्या आणि स्वतःही रडत होत्या.

आईनं दादाला बकरीचे मागचे पाय धरायला लावले, वाटीत थोडा चीक काढला आणि बोटानं पाठीला चाटवला. बकरी दूध चोरत होती, सोडतच नव्हती. वाटीच्या तळालाही पुरेसं आलं नाही. आईनं पूर्वी तीन पिल्लं अशी हातावर वाढवायला घेतली होती. तिन्ही गेली. ते आम्हा सगळ्यांना आठवत होतं.

तिथं बसल्या बसल्या माझं डोकं चालायला लागलं. रडून झालं की माझं डोकं बरं चालतं. आमच्या काउंटरवर एक गोष्ट रोज होते. गिऱ्हाईकानं चार-पाच वास लागोपाठ घेतले, की त्याचं नाक भरतं. मग गुलाब दिला काय नि मोगरा दिला काय, त्याला सगळं एकच लागतं. मी अशा गिऱ्हाईकाला बाहेर वाऱ्यावर पाठवते, पाच मिनिटांनी परत बोलावते. तर बकरीचं नाक भरलं तर? तिच्या नाकालाच वास लावला, दोन्ही पिल्लांना तोच लावला, तर तिला कोण आपलं नि कोण परकं हे कळणारच नाही!

मी शेडच्या दारात जाऊन आईला सांगितलं. आत पाऊल टाकायची हिंमत नव्हती. आईनं रिकामी वाटी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "दोन दिवस टिकलं पायजे मंग. तिचं दूध दोन दिवस इच्या पोटात गेलं, की पिल्लाच्या मांगून तिच्याच दुधाचा वास येते. थो वास बकरी नाई चुकत. पन तवरिक टिकन का तुहं सेंट?"

टिकेल का! सहा वर्षांत बकरीसाठी असा प्रश्न माझ्या काउंटरवर कोणी विचारला नव्हता.

वहिनींच्या बाटलीचं मी नावही काढलं नाही. ती त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाची भेट. मी माझी बाटली आणली, लांबूनच दिली आणि दादानं दोन्ही पिल्लांच्या पाठीवर आणि बकरीच्या नाकाच्या वरच्या बाजूला फवारा मारला. बकरीला स्पिरिटचा चटका बसला, ती तीनदा शिंकली, डोळ्यांतून पाणी आलं. मग तिनं बोकडाला हुंगलं, पाठीला हुंगलं, गोंधळली आणि उभी राहिली. पाठ वाकड्या पायांनी आत शिरली, सड शोधला, पकडला!

"पेली! पेली वो!" वहिनी ओरडल्या आणि दादाला मिठीच मारली. मी दाराशी उड्या मारत होते. माझी बाटली! माझ्या काउंटरवरची साधी बाटली!

पाऊण तास. टिनाखाली ऑक्टोबरचं ऊन होतं, सेंट उडून गेलं आणि बकरीचं नाक मोकळं झालं. पाठ पुन्हा गेली आणि तिला पुन्हा ढुशी बसली, या वेळी ओठाला रक्त आलं. परत फवारला, परत पाऊण तास. तिसऱ्यांदा बकरी बाटली पाहूनच खुंट्याला हिसके द्यायला लागली. तिचं नाक लाल झालं होतं. आई म्हणाली, "राहू दे. जनावराले किती छळता? बस करा." तिनं पाठीला पदरात घेतलं. पाठ थंड पडत चालली होती, तिची मान एका बाजूला कलली होती.

वहिनी उठून घरात गेल्या. त्या आल्या तेव्हा हातात ती चौकोनी बाटली होती. कोणी काही मागितलं नव्हतं.

"थेट नाकावर नको," त्या म्हणाल्या. "कापडावर मारू, स्पिरिट उडू देऊ, मग ते कापड चोळू. चटका बसणार नाही."

मी म्हणलं, "वहिनी, दादानं देल्ली हाये ते. लग्नाच्या वाढदिवसाची."

"मग?" वहिनी माझ्यावरच चिडल्या. "ती दोन महिन्यांनी संपली काय अन् आज संपली काय? फडकं आणा ना लवकर, काय पाहून राह्यल्या!"

दादा शिंकत म्हणाला, "मार बिनधास्त."

वहिनींनी एका दिवशी एकच फवारा मारायच्या त्या बाटलीचे पंधरा-वीस फवारे सलग मारले. फडकं वाऱ्यावर धरलं. मग आईनं स्वतः ते घेतलं आणि आधी बकरीच्या नाकावर हळूच चोळलं, मग बोकडाला, मग पाठीला, डोक्यापासून शेपटीपर्यंत. बकरी शिंकली नाही. तिनं ओठ वर करून हवेत हुंगलं, दोन्ही पिल्लांना हुंगलं. आईनं पाठीचं तोंड सडाला लावलं आणि हात काढून घेतला. पाठ पीत राहिली. पाऊण तास झाला, दीड तास झाला, दिवस मावळला, आणि बकरीनं तिला एकदाही मारलं नाही.

काय वास सुटला होता आमच्या घराला! शेडमध्ये गुलाब, अंगणात चंदन, आईच्या लुगड्याला, दाव्याला, पाल्याला तोच वास. शेजारची काकू कुंपणावरून विचारायला लागली, "काय वं, पाहुने येऊन राह्यले का पोरीले पाहाले?" दुसऱ्या दिवशी सकाळीही तो होता. वहिनींनी संध्याकाळी उरलेला सगळा फडक्यावर मारून एकदा आणखी चोळला आणि बाटली रिकामी झाली. मी सुट्टी टाकली. वहिनींनीही पुण्याला फोन करून दोन दिवस वाढवून घेतले. त्या काळात मी शेडमध्ये गेले नाही. पाणी दारापर्यंत आणून द्यायची, आई ते आत न्यायची.

तिसऱ्या दिवशी आईनं सांगितलं, "आता वास जाऊ द्या. आता पाहाचं, बकरी पाठीले आंगाले लावते का नाई."

झालं! ज्या वासाला आम्ही दोन दिवस धरून ठेवलं, तो कधी जातो म्हणून आता वाट पाहायला लागलो. सारं जग टिकणारं सेंट मागतं आणि आम्ही दोघी दारात बसून ते उडावं म्हणून तळमळत होतो. वहिनी दर तासाला आत जाऊन पाठीला हुंगायच्या आणि बाहेर येऊन सांगायच्या. "आहे." "आहे अजून." "कानामागे आहे." मला वाटलं, ही परदेशी कंपनीवाली माणसं वास बनवतात की रंग लावतात! वैताग आला होता मला. माझ्या साध्या बाटलीची त्या दिवशी जेवढी आठवण आली, तेवढी कधी आली नसेल. पाऊण तासात मुकाट्यानं निघून जाणारा वास ही काही वाईट गोष्ट नाही, हे मी तेव्हा शिकले. आताशा मी काउंटरवर "सेम टू सेम" म्हणत नाही. "किती वेळ पायजे?" असं विचारते. लोक गोंधळतात, मग विचार करून सांगतात.

दुपारी चारला वहिनी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मला येत नाहीये. ताई, तुम्ही बघा."

मी आईकडे पाहिलं. आईनं मानेनं ये म्हणलं.

मी हात मागे बांधून वाकले, पाठीच्या कानामागे नाक नेलं. संत्रं नव्हतं, गुलाब नव्हता. चंदन शोधलं, पोटाशी, मानेखाली, पायांत. नव्हतं. दुधाचा आंबूस वास होता, लेंड्यांचा होता, पाल्याचा होता. "गेला," मी म्हणलं.

आईनं पाठीला उचललं आणि बकरीपासून चार हातांवर खाली ठेवलं. स्वतः मागे सरकली. आम्ही तिघी भिंतीला टेकून उभ्या राहिलो. बकरी पाला खात होती. तिनं मान वळवली. पाठ दोन पावलं पुढे गेली आणि थांबली, मागच्या ढुशा तिलाही आठवत असाव्यात. बकरीनं मान लांब केली, नाक पाठीच्या शेपटीपाशी नेलं आणि हुंगत राहिली. किती वेळ, कोण जाणे. माझ्या हातात वहिनींचा हात होता.

मग बकरीच्या घशातून एक आवाज आला. तोंड मिटलेलं, अगदी हळू, पोटातून आल्यासारखा. मी जन्मभर बकऱ्यांचं ओरडणं ऐकलंय, पण हा आवाज मी कधी नीट ऐकला नव्हता. मी घाबरून आईकडे पाहिलं.

आईच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "बलावून राह्यली," ती म्हणाली. "आपल्या लेकरालेच बलावते बकरी अशी, दुसऱ्याच्या नाई."

पाठ धावत गेली.